जोंधळ्याचा केक

"गहू म्हणजे काय सोनं लागून गेलं? केक जोंधळ्याचाही होतो!" नारायण मास्तरांनी जाहीर करून टाकलं.

लढाईमुळे रेशनवर गहू दिसेनासा झाला होता आणि नेमके डिपुटीसाहेब कर्जतला मास्तरांची शाळा तपासायला यायचे होते. तपासणी चांगली झाली तर मास्तर नोकरीत कायम, नाहीतर कायमचे घरी! साहेबांना केक फार आवडतो, ही बातमी मास्तरांनी काढून ठेवली होती. पोरांना काय येतं, ते मात्र विचारून पाहिलं नव्हतं. तेवढी छाती नव्हती.

"अहो, पीठ जुनं आहे," दमयंतीबाई म्हणाल्या. "विरी गेलीय त्याची. भाकरी थापताना फाटते, केक कसला धरतोय!"

"मग चिकटपणा घालू!"

अंड्याचं नाव घरात काढायची सोय नव्हती. मास्तरांनी थंडीतल्या लाडवांसाठी आणलेला डिंक होता नव्हता तेवढा कुटून पिठात ओतला, वर गुळाचा पाक. पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे! केक फुगला नाही. पण वास असा सुटला, की शेजारचं कुत्रं येऊन बसलं. त्याला तुकडा टाकला. ते हुंगून उठून गेलं. "कुत्र्याला काय कळतंय!" मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डिपुटी नृसिंहराव वर्गात खुर्चीवर बसले आणि आधी केकचा भला मोठा तुकडा तोंडात घातला. एकदा चावला. दोनदा चावला. तिसऱ्यांदा जबडे चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखे जागच्या जागी!

"कसा झालाय, साहेब?"

"म्म्म्!"

"आवडला!" मास्तरांनी वर्गाला सांगितलं.

साहेबांनी चिडून समोरच्या पोराकडे बोट केलं. मास्तर चपळाईनं पुढे झाले. "साहेब विचारतात, तुझं नाव काय?"

"गहिनीनाथ!"

साहेबांनी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"साहेब म्हणतात, अगदी बरोबर!"

साहेबांनी कळवळून आधी तोंडाकडे, मग दाराबाहेरच्या रांजणाकडे बोट दाखवलं.

"साहेब म्हणतात, शाळा सुटली!"

पोरं "हुर्रे!" करून जी उधळली, ती थेट वेशीपर्यंत!

तो गलका ऐकून शेजारच्याच घरातून दमयंतीबाई धावत आल्या. साहेबांचं तोंड बघून काय ते समजल्या आणि कढत पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. चार चुळा भरल्यावर साहेबांचा जबडा कर्रकन उघडला. मास्तर दोन पावलं मागे सरकले. आता पहिला शब्द 'बडतर्फ'!

"मास्तर!"

"हो, साहेब..."

"हे कशाचं होतं?"

"जोंधळ्याचं, साहेब. थोडा डिंक."

"थोडा?" साहेबांनी गाल चोळला, बराच वेळ केककडे बघितलं. "एका घासात तोंड किती वेळ बंद राहतं?"

"चुळा भरेपर्यंत, साहेब."

"मग तुम्ही कायम!"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"उरलेला सगळा बांधून द्या," साहेब हळूच म्हणाले. "परवा नगरहून मोठे साहेब येताहेत. आमची तपासणी करायला."