तीन बोटं आणि एक जांब

सुखदेवकाकांच्या गाडीवर जांब घ्यायचे, तर आधी तोंड उघडावं लागतं. जांब म्हणजे पेरू. अकोल्यात आमच्या शाळेजवळ ते बाळापूरकडच्या आपल्या मळ्यातले जांब घेऊन उभे असतात. काटा हातात धरून हुकूम सोडतात, "तीन बोटं उभी घाला तोंडात. गेली? मंग घ्या किलोभर."

पुतणीला पाहायला आलेल्या मुलालाही त्यांनी चहाआधी बोटं घालायला लावली. त्याची दोनच गेली. मुलाचा बाप तापला, "आमी पोरगी पाह्याले आलो का दात दाखवाले?" काका म्हणाले, "पोरगी मंग पाहा. पयले याले डॉक्टरले दाखवा, खर्रा खाऊन राह्यला हा." पाहुणे चहा न घेताच उठले. पुतणी अजून हसते.

दुसरी खोड म्हणजे, जांब गोड आहे का, हे ते स्वतः कधीच सांगत नाहीत. "तुमी चावा, अन् मले सांगा," म्हणतात आणि चावणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहतात. मला ते जरा विचित्रच वाटे.

मी शाळामास्तर. वर्गात तंबाखूचे तोटे सांगायचे आणि मधल्या सुट्टीत टपरीमागे सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळायचा, असा माझा धंदा. त्यामुळे "बोटं उद्या घालतो, काका," म्हणून मी नेहमी सटकायचो. एकदा मात्र सहज बोलून गेलो, "काका, आजकाल आमच्या हिचा तिखटाचा हात फार सैल झालाय. वरण खाल्लं तरी तोंड भाजतं."

काकांनी काटा खाली ठेवला. "गुरुजी, बोटं घाला."

आवाजात थट्टा नव्हती. माझीही दोनच गेली.

"गालात आतून पांढरं दिसून राह्यलं."

"पण दुखत नाही, काका."

"दुखत नाई, म्हणूनच तर मानूस फसते."

गाडीवर पोतं टाकून ते त्याच दुपारी मला डॉक्टरकडे घेऊन गेले. गालातल्या चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत मी घरी कुणाशी धड बोललो नाही. फार घाबरलो होतो. रिपोर्ट घ्यायलाही काकाच बरोबर आले. कॅन्सर नव्हता, पण वाट तिकडचीच होती. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. "खर्रा आजपासून बंद. आणि त्रास नसला तरी तोंड दाखवायला येत राहायचं."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, नुसत्या तिखटावरून तुम्ही कसं ओळखलं?"

त्यांनी स्वतःच्या तोंडात बोट घातलं. एकच गेलं. दुसऱ्याला जागाच नव्हती.

"तीन वर्सं मी माह्या बायकोच्या तिखटाले शिव्या देल्या. ते बिचारी मिरची कमी करत गेली. शेवटी नुसती फिक्की भाजी, तरी मी ताट लोटून देत होतो. ते गेली, अन् मंग डॉक्टर म्हणे का माह्या तोंडाची आग खर्र्यानं होती. आता कोनाले सांगू, का तिच्या हाताची काईच चूक नव्हती?"

त्यांनी पिशवीतून एक जांब काढून माझ्या हातात दिला. "चावा."

मी जमेल तेवढं तोंड उघडून चावा घेतला. ते नेहमीसारखे पाहत राहिले. कितीतरी वर्षांत त्यांनी स्वतःच्या झाडाचा जांब असा चावला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"गोड आहे, काका."

"हाये ना? मंग जा आता घरी," ते म्हणाले. "अन् सूनबाईले सांगा, तिखट तिचं बरोबर होतं."