औथवेटांच्या बॉयलरावरील स्वारी

विलायतेतील कीथली मुलुखी, टेकडीचे उतारावरील दगडी घरांचे रांगेत, अकरा नंबरचे घरी, जानेवारीचे तिसरे शनिवारी जे वर्तमान गुदरले ते, साक्षीदारांचे तोंडून ऐकोन, पदरचे थोडके घालोन, आणि लाजिरवाणे असे काहीही न गाळता, येणेप्रमाणे लिहिले असे.

राजश्री डेस्मंडसाहेब औथवेट, बसखात्याची तिकीटतपासनिशी तीस साल इमानेइतबारे करोन निवृत्त जाहलेले, त्या घरी अंमल करीत असत. अंमल नावाचा, हुकूम त्यांच्या पत्नी खाशा ग्लेनिसबाईंचा. आणि या दोहोंवर मातोश्री इनिडबाईसाहेब, उमर अठ्ठ्याऐंशी, खिडकीजवळील खुर्चीत गरम पाण्याची पिशवी पायांशी घेवोन, विणकाम करीत, सकल राज्यावर नजर ठेवीत. ते दिवशी थंडी ऐसी पडली की दूधवाल्याची बाटली दारातच गोठली, आणि सकाळी पाहतात तो पाणी तापवोन घर गरम राखणाऱ्या स्वयंपाकघरातील बॉयलरावर तांबडा दिवा लुकलुकतो आणि ते पाणी खेळविणारे भिंतींवरील झाडून सारे रेडिएटर थंडगार. मातोश्रींनी न्याहारीचे वेळी वर्दी दिली की, बॉयलरचे पोटात पहाटेपासोन गुळगुळ चालली होती. त्यावर साहेबांनी, आई, तू स्वस्थ बस, ऐसा जाब दिला, आणि तो जाब पुढे त्यांस बहुत भोवला.

इतक्यात हॅरोगेटकर धाकटे बंधू रॉयसाहेब यांचा फोन आला. हे मोठे सरंजामी; यांचे महाली जमीनदेखील आतून तापते. त्यांनी निर्वाणीचे सांगितले, “मी चारला गाडी घेऊन येतो आणि घर गरम झालं नसेल, तर आईला नेतो. दोनच दिवस रे.”

दोनच दिवस हे शब्द ऐकताच डेस्मंडसाहेबांची नजर भिंतीकडे गेली. कारण की मरहूम वडिलांचे भिंतीवरील घड्याळ रॉयसाहेबांनी सहा साल मागे दुरुस्तीसाठी म्हणोन दोनच दिवस नेले, ते अद्याप हॅरोगेटीच टिकटिकत होते. भिंतीवर त्याचा गोल डाग मात्र राहिला होता. आई गेली तर खुर्चीचाही तैसाच डाग राहील, हे साहेबांस दिसत होते, परंतु ऐसे काही तोंडाने बोलण्याची रीत त्या घराण्यात नव्हती. म्हणोन त्यांनी बोलण्याऐवजी स्क्रू ड्रायव्हर घेतला.

प्रथम फर्मान सुटले की प्रत्येक असामीने एकेक स्वेटर जास्ती चढवावा. मग साहेबांनी बॉयलराचे बटण एकोणीस वेळा दाबले आणि एकोणीस वेळा तांबडा दिवा त्यांजकडे पाहात राहिला. मग पितळी किल्ली घेवोन बैठकीतील रेडिएटरावर चालोन गेले आणि आत अडकलेली हवा सोडावी म्हणोन किल्ली फिरविली, तो आतून काळ्या पाण्याची चिळकांडी उडाली आणि त्या धुमश्चक्रीत गालिचा कामास आला. साहेब शिकस्त खावोन स्वयंपाकघरात माघारी आले. तेथे ग्लेनिसबाई उभ्याच होत्या.

“झालं समाधान?” त्या म्हणाल्या. “आता मिस्त्रीला बोलावतोस, की मीच रॉयला लवकर ये म्हणू?”

अडीच वाजता ब्रॅडफर्डाहून इम्तियाज मिस्त्री कुमकेस दाखल जाहले. त्या मुलुखी मिस्त्रीस चहा पाजल्याखेरीज हत्यार उचलू देत नाहीत, सबब दोन चमचे साखरेचा चहा गेला, आणि मिस्त्रींनी एका हाती पेला धरोन दुसऱ्या हाताने बॉयलराची नाडी पाहिली. गॅस येतो, ठिणगी पडते, पंखा फिरतो. सबब रोग आत नव्हे, ऐसे त्यांचे मत पडले.

“बंद पडायच्या आधी गुळगुळ आवाज येत होता का?”

“छे, काही नाही,” डेस्मंडसाहेब म्हणाले.

“येत होता,” खुर्चीतून मातोश्री म्हणाल्या. “पण मला स्वस्थ बसायला सांगितलंय.”

मग मिस्त्री थेट परसात गेले आणि पाठोपाठ साहेब. बॉयलर चालता पोटात साचणारे पाणी बाहेर सोडणारी नळी तेथे मातोश्रींचे खिडकीखाली उभी होती. अंगावर खिडकीशी जुळता हिरवा रंग, आणि त्याखेरीज काहीही नाही.

“हिच्यावर काळं जाड वेष्टन असतं. ते कुठे गेलं?”

“ऑगस्टात काढलं,” साहेब हळूच म्हणाले. “रंगवायची होती.”

“रंग झकास झालाय राव. पण पाणी गोठलंय आत. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून बॉयलर स्वतःहून बंद होतोय. तो तुमच्यापेक्षा शहाणा आहे.”

साहेब धावत जावोन उकळती किटली घेवोन आले. मिस्त्रींनी ती वाटेतच अडविली. “उकळतं नको, नळी तडकेल. गरम पाण्याची पिशवी आहे का घरात?”

पिशवी घरात एकच होती आणि ती मातोश्रींचे पायांशी होती. साहेब उभ्या जागी खिळले, कारण सकाळी ज्या आईस गप्प बसविले तिजपाशी आता तिची ऊब मागावयाची, आणि ती ऊब गेली तर चार वाजता रॉय जिंकला. इतक्यात खिडकी उघडली आणि पिशवीच बाहेर आली.

“सगळं ऐकलंय मी,” मातोश्री म्हणाल्या. “ताजं पाणी भर. आणि सुतळी डाव्या खणात आहे.”

पिशवी नळीस बांधिली, आणि साहेब थंडीत ओणवे होवोन ती दोहों हातांनी धरोन बसले. दोनदा पाणी बदलले. चारास दहा कमी असता नळीतून बर्फाचा गड्डा खळकन मोरीत पडला आणि मागोमाग पाणी धो धो वाहिले. साहेबांनी विसावे वेळी बटण दाबले आणि निळी ज्योत पेटली, आणि मागील पराभवांची सारी लाज त्या ज्योतीत जळोन गेली. मिस्त्रींनी ताकीद दिली की नवे वेष्टन येईतो नळीस उघडी ठेवू नये. तेव्हा मातोश्रींनी मांडीवरील विणकामाच्या गाठी मारल्या आणि लांबलचक तपकिरी मफलर नळीस बहाल केला.

बरोबर चार वाजता रॉयसाहेब हजर. त्यांनी रेडिएटरास हात लाविला आणि झटकन मागे घेतला. तरी म्हणाले, “चल आई. गाडी गरम ठेवलीय.”

“मी नाही येत,” मातोश्री म्हणाल्या. “तुझ्याकडे जमीनसुद्धा गरम. माझं काय काम तिथे? इथे अजून माझी पिशवी लागते. तुझ्यासाठी मफलर विणत होते, तोही नळीला दिला. आणि रॉय, पुढच्या रविवारी घड्याळ आण.”

डेस्मंडसाहेब उठोन स्वयंपाकघरात गेले. पिशवी ताज्या पाण्याने भरोन आणली, गुडघे टेकले आणि मातोश्रींचे पायांशी नीट लाविली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. ती डेस्मंडसाहेबांचे नावे लिहावी ऐसे ग्लेनिसबाईंचे सांगणे पडले. तैसे लिहिले असे. गालिचा धुवोन निघाला नाही. घड्याळ रविवारी परत आले. ते दहा मिनिटे मागे चालते, परंतु घरी चालते.