गारवेलीवरची नोंद

एका जंगलात, मुलांनो, कोण कुठल्या कुळातला हे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कोणाचं अडतही नव्हतं. सिंहमहाराजांना मात्र याची फार लाज वाटे. शेजारच्या जंगलात म्हणे किड्यामुंग्यांचीसुद्धा नोंद होती.

त्यांनी साळिंदरशास्त्र्यांना बोलावलं आणि पानभुंगेऱ्यांची वर्गवारी करायला सांगितलं. माणूस, म्हणजे साळिंदर, अगदी योग्य. लिहायला काटा, टोचून ठेवायला काटा, दोन्ही घरचेच. हुकूम साधा होता. एक कूळ, एक झाड. दुसऱ्याच्या झाडावर कोणी दिसता कामा नये.

गारवेलीवर सगुणी नावाची पानभुंगेरी राहायची. पाठ सोन्यासारखी लखलखीत. पानाखाली तिची वीस पोरं, म्हणजे अळ्या. खरं सांगायचं तर पोरं काही देखणी नव्हती. अंगावर काटे आणि पाठीवर स्वतःच्याच विष्ठेची छत्री. नाकं मुरडू नका. त्या छत्रीमुळेच मुंग्या त्यांच्या वाटेला जात नसत.

"बाई, तुमची नोंद झाली," शास्त्रीबुवा म्हणाले. "कूळ सुवर्णपृष्ठ, झाड गारवेल. आणि हे कोण?"

"माझी पोरं."

"पंख?"

"येतील की. लहान आहेत अजून."

"येतील तेव्हा बघू. आज आहेत का?"

"नाहीत. पण शास्त्रीबुवा, लहानपणी मीसुद्धा अशीच होते. अशीच छत्री घेऊन फिरायचे."

"काही पुरावा?"

टाकलेली कात कोण जपून ठेवतं?

शास्त्रीबुवांनी लिहिलं, 'कूळ मलवाहक. सुवर्णपृष्ठांशी काडीचाही संबंध नाही. झाड घाणेरी.' त्याच दुपारी विसांनाही घाणेरीवर नेऊन सोडलं.

घाणेरीचं पान पोरांच्या घशाखाली उतरेना. सगुणीला तिकडे जायला बंदी. मग ती पानांच्या खालून, उलटी लटकत जायची. तोंडात गारवेलीचा तुकडा. तो तुकडा केवढा आणि खाणारी तोंडं वीस. रोज गेली की ती आधी पोरं मोजायची. कधी एक कमी, कधी दोन. नऊ पोरं तिच्या हातची गेली. उरलेली अकरा कशीबशी कोषात शिरली.

आठवड्याने कोष फुटले. अकरा लखलखीत भुंगेरे उडत गारवेलीवर आले.

"बघा," सगुणी म्हणाली. "हीच ती."

शास्त्रीबुवांनी अकराही जणांना नीट निरखलं. लिहिता काटा हवेतच थांबला. कळलं यांना, असं सगुणीला वाटलं. कळलंही असेल. पण पुस्तक महाराजांना वाचून दाखवून झालं होतं.

"सुवर्णपृष्ठांत अकरांची वाढ. आनंद आहे," ते म्हणाले. मग ते घाणेरीकडे गेले. तिथे एकही मलवाहक नव्हता. त्यांनी खेदाने लिहिलं, 'नामशेष.'

महाराजांना फार वाईट वाटलं. त्यांनी शोकसभा ठेवली. मलवाहकांची एके काळची शेजारीण म्हणून सगुणीला पहिल्या रांगेत मानाची जागा दिली. शेजारी तिची अकरा पोरं. शास्त्रीबुवा मलवाहकांच्या साध्या राहणीवर सुंदर बोलले. मग सगळं जंगल दोन मिनिटं स्तब्ध उभं राहिलं.

सगुणी हमसून हमसून रडत होती. परक्या कुळासाठी केवढी ही माया, म्हणून महाराजांना गहिवरून आलं.

"आई," धाकट्याने हळूच विचारलं, "आपण कोणासाठी उभे आहोत?"

"ही मंडळी तुमच्यासाठी उभी आहेत," सगुणी म्हणाली. "आपण त्या नऊ जणांसाठी."

तात्पर्य : आईला आपली पोरं ओळखता येतात, यात विशेष ते काय? तेवढ्याला विद्या लागत नाही. पोरं समोर उभी असताना त्यांची शोकसभा घ्यायला मात्र फार मोठा व्यासंग लागतो. तेव्हा मुलांनो, खूप शिका.