हन्नामावशींचा उंट

लग्नाळू पुरुष दिसला की आमच्या शेजारच्या हन्नामावशी त्याच्याकडे पाणी मागतात. पगार नाही, पासपोर्ट नाही, आईवडील काय करतात तेही नाही. आधी पाणी. एकदा एमआरटीत, म्हणजे इथल्या सिंगापूरच्या मेट्रोत, शेजारी बसलेल्या, बोटात अंगठी नसलेल्या एका सज्जनाकडे त्यांनी असंच पाणी मागितलं. तो घाबरून म्हणाला, "आंटी, ट्रेनमध्ये पाणी प्यायलं तर फाइन होतो." मावशींनी त्याला तिथल्या तिथे नापास केलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "बघ, याला कायदा कळतो, तहान कळत नाही."

यामागे तोरातली, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथातली, एक गोष्ट आहे. मावशी ती अशी सांगतात, की जणू सगळा प्रकार परवा अलिबागच्या बाजारात घडला असावा. "अब्राहामला मुलासाठी बायको हवी होती. त्याने जुन्या नोकराला दहा उंट देऊन मुलगी बघायला पाठवलं. नोकर हुशार! विहिरीपाशी बसला आणि देवाला म्हणाला, जी पोरगी मला पाणी देईल आणि न सांगता उंटांनाही पाजेल, ती तू निवडलेली असं मी धरून चालतो. तर आली रिबका. त्याला पाजलं, मग घडेच्या घडे उपसून उंटांना पाजलं. झालं, लग्न ठरलं! अरे सुहास, माणसाला पाणी कोणीही देतो. उंटांचं काय?"

सिंगापुरात उंट नाहीत. ती उणीव मी भरून काढली. रविवारी चोआ चू कांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, मावशी उमेदवाराला कॉफीला बोलवायच्या आणि मी बाजाराच्या पिशव्या घेऊन बाजूला उभा राहायचो. मी काही मागायचं नाही, फक्त तहानलेलं दिसायचं. इथल्या दमट हवेत त्यासाठी वेगळा अभिनय करावा लागत नाही. उमेदवाराने मावशींना पाण्याची बाटली आणून दिली की त्या माझ्याकडे आणि मग छताकडे बघायच्या. त्याने मला विचारलं तर पास, नाही विचारलं तर नापास. माझी बायको म्हणाली, "बरं झालं, तुला शोभेल असं काम मिळालं." राहायला बेटाच्या पश्चिम टोकाला आणि नोकरी पूर्वेला चांगी बिझनेस पार्कात, म्हणजे आठवडाभर मी तसाही ओझंच वाहत होतो.

स्थळं बघणं चाललं होतं ते मावशींच्या सुनेसाठी. ही गोष्ट ऐकून आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाने एकदा तरी "सुनेसाठी?" असं विचारलेलं आहे.

मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी. त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, तेल गाळून पोट भरू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली हे नाव दिलं. मावशींचा एकुलता एक मुलगा रूबेन इथल्या एका बँकेत होता. त्याने मेई लिंग नावाच्या इथल्याच चिनी मुलीशी लग्न केलं तेव्हा मावशी चांगल्याच फुगल्या होत्या. पण त्या इथे राहायला आल्या आणि या मुलीने कोणी न सांगता शुक्रवारच्या संध्याकाळचा दिवा लावायला, नारळाच्या दुधातली आमटी करायला आणि त्यांचं मराठी समजायला शिकून घेतलं. मावशींचा फुगा किती दिवस टिकणार?

मग रूबेन गेला. बॅडमिंटन खेळताना कोसळला तो उठलाच नाही. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता मावशी आपल्या गावी अलिबागला परत जातील आणि मेई लिंग आपल्या वाटेने जाईल. मावशींनी तिला तसं सांगितलंही. ती इथल्या ढंगात म्हणाली, "आई, डोन्ट टॉक लाइक दॅट लाह," आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी तांजोंग पगारच्या ऑफिसला गेली. संध्याकाळी येताना मावशींसाठी लिटल इंडियातून पोहे घेऊन आली.

वर्ष सरलं आणि मावशींनी सुनेच्या लग्नाची मोहीम उघडली. मी त्यांना म्हटलं, "मावशी, हे जरा जगावेगळं नाही का?"

"जगावेगळं कसलं? रूथची गोष्ट ठाऊक नाही तुला? ती परदेशी सून, मवाबची. नवरा मेला. सासू नामी म्हणाली, माहेरी जा. ती कसली जाते! सासूच्या मागे परक्या मुलखात आली. मग नामी काय रडत बसली? चांगला माणूस हेरला आणि सुनेचं लग्न लावून दिलं! ती मवाबी, ही चायनीज. देव काय पासपोर्ट बघतो?" आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, "योजना वरची, धावपळ आपली."

धावपळ मात्र बरीचशी माझी होत होती. एक इंजिनियर पाणी आणायला गेला तो फोनवर बोलत तिकडेच राहिला. एका अकाउंटंटने मावशींना बाटली दिली, मला बघून नुसती मान डोलावली आणि दुसरी बाटली तो स्वतःच प्यायला. दोघे मात्र चक्क पास झाले. मावशींनी लग्न ठरल्यावर करायच्या मलिद्याचे, म्हणजे देवाचे आभार मानायच्या गोड प्रसादाचे, पोहेसुद्धा काढून ठेवले. पण ते दोघे मेई लिंगला एकदा भेटले आणि पुन्हा फिरकले नाहीत. मावशी म्हणाल्या, "योजना वरची." गंमत म्हणजे हे सांगताना त्या मुळीच खट्टू दिसत नव्हत्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आणि मग मेई लिंगने स्वतःच एकाला आणलं. डेरेक तिच्या ऑफिसातला, टक्कल पडू लागलेला, हळू बोलणारा माणूस. हॉकर सेंटरमध्ये तो काहीतरी पुटपुटला आणि मेई लिंग खळखळून हसली. रूबेन गेल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. मावशींनीही ते पाहिलं.

त्यांनी पाणी मागितलं. डेरेक गेला आणि हातांत मावतील तेवढ्या बाटल्या घेऊन आला. एक मावशींना, एक मला, एक मेई लिंगला आणि एक शेजारच्या टेबलावरची ताटं गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या अंकलला. माझ्या हातातल्या पिशव्या काढून घेऊन त्याने मला खुर्ची दिली. इतक्या महिन्यांत उंटाला बसायला सांगणारा हा पहिलाच. माझ्या लेखी निकाल लागला होता.

ते दोघे गेल्यावर मावशी म्हणाल्या, "नापास."

"काय?" मी ओरडलोच.

"उंट दहा होते."

मला खरंच राग आला. "मावशी, दहा माणसं आणून उभी केली असती तरी त्याने पाजलं असतं. तुम्हाला तिचं लग्न करायचंय की नाही?"

त्या उत्तर न देता चालू लागल्या. आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतल्या दगडी बाकावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "रिबका निघाली ना, तेव्हा तिची आई म्हणाली होती, पोरीला दहा दिवस तरी राहू द्या. दहाच दिवस रे! पण नोकराला घाई. पोर उंटावर बसली नि गेली. तिच्याबरोबर तिची दाई गेली. ती दाई पुढे कुठे मेली, कुठल्या झाडाखाली पुरली, सगळं लिहिलंय. आईचं पुढे काय झालं, त्याचं अक्षर नाही. मी कितीदा शोधलं. देवाने उंटांचीसुद्धा सोय केली आणि तिला विसरला."

ही बाई प्रत्येक रविवारी आपल्याच घरातला शेवटचा माणूस घालवायला निघत होती आणि परत येताना तिचा जीव भांड्यात पडत होता. मला त्यांचा फार लळा आहे हे मला त्या बाकापाशी उभं असताना कळलं.

मग त्यांनी डोळे पुसले. "चल वर. पास आहे तो. मला तिला सांगून टाकू दे, नाहीतर उद्या माझं मन फिरेल."

मेई लिंग घरी परतली होती. मावशींनी दारातूनच निकाल जाहीर केला आणि एका दमात अलिबागला परत जाण्याचा बेतही सांगून टाकला.

मेई लिंग शांतपणे म्हणाली, "आई, तू पाणी विचारते. मी पण एक विचारते. सगळ्यांना, फर्स्ट डे. माय आई कम विथ मी, कॅन ऑर कॅनॉट? ते दोघं म्हणाले, कॅनॉट. सो बाय-बाय लाह."

मावशींनी दाराची चौकट धरली. "आणि हा?"

"हा म्हणाला, बिग रूम आईला दे. सकाळी ऊन येतं."

मावशी खुर्चीत बसल्या. मी पाणी आणायला वळणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि त्याची आई?"

"बेडोकला. एकटी. फादर नाही."

"पोरगा लग्न करतोय, आता तुझं काय, असं तिला कोणी विचारलं?"

मेई लिंगने नकारार्थी मान हलवली.

"फोन लाव तिला. शुक्रवारी जेवायला ये म्हणावं. डुकराचं काही आणू नकोस म्हणावं. रडत बसू नकोस म्हणावं. मी आहे म्हणावं."

मेई लिंगने फोन लावला आणि चिनीत बोलू लागली. जेवणाचं सांगून झालं, डुकराचंही झालं. पुढचं सांगताना तिचा आवाज गेला. तेव्हा मावशींनी तिच्या हातातून फोन घेतला आणि बेडोकच्या त्या बाईला ते मराठीतच सांगून टाकलं.