लाल शालीचे निशाण

श्री गजवदन, श्री शारदा, आणि लेकरू निजल्यावर घरात उतरते ती शांतता, या तिहींस नमन करून लिहिणार लिहिता झाला. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघमास, थंडी सरत आलेली. राज्य कोणते, नगर कोणते, हे कोणी पुसो नये. राज्य धाकुटे, तिसऱ्या मजल्यावरचे, तीन खोल्यांचे, पुढे गॅलरी आणि गॅलरीस कपड्यांची दोरी. परंतु भय मात्र तेथे मोठ्या दौलतीस पुरून उरेल इतके. त्या राज्यी ऋजुताबाईसाहेब नांदत होत्या. वय लहान, विद्येने पदवीधर, आणि नजर ऐसी की निजलेल्या लेकराची छाती वरखाली होते की नाही हे पाहिल्यावाचून पाण्याचा घोट घेत नसत. यजमान प्रसन्नराव कंपनीच्या चाकरीस परमुलुखी, त्यांची स्वारी महिन्याकाठी येई. घरी सासूबाई मातुश्री शकुंतलाबाई, आणि सकळ राज्याचे धनी चिरंजीव ओजसराजे, वय पावणेदोन वर्षे. राजे "नको" हा एकच शब्द स्वच्छ बोलत आणि तेवढ्यावर राज्य चालवीत.

बाईसाहेबांस कॉलेजात असता कॉर्नेटाचा नाद लागला होता. कॉर्नेट म्हणजे पितळेचा आखूड कर्णा, वर तीन खटके, फुंकणाऱ्याच्या ओठांत जीव असेल तरच बोलतो. लग्नानंतर तो माळ्यावर पडोन राहिला. मग लेकरू जाहले, आणि काळजी अष्टौप्रहर कानाशी गुणगुणू लागली, तेव्हा कानी दुसरेही काही पडावे म्हणोन बाईसाहेबांनी कर्णा खाली उतरविला, चिंच लावून लखलखीत केला, आणि नगरातल्या रविवारच्या हौशी बँडात दाखल जाहल्या. घरी तालीम करावी ती न्हाणीघरात, कर्ण्याच्या तोंडात टॉवेल कोंबून, तरी मातुश्री स्वयंपाकघरातून म्हणत, "अगं, तुझ्या पों पोंमध्ये माझ्या कुकरच्या शिट्ट्या हरवतात. डाळीचं पिठलं झालं बघ." आणि राजे न्हाणीच्या दारावर मुठी आपटून ताल धरीत. बँडात पोस्टातले, बँकेतले, एक शिंपी, सारे आपापली चाकरी सांभाळून वाजविणारे, आणि त्यांचे सरदार साळवे मास्तर. मास्तर थोरला ढोल वाजवीत, आणि ढोल एवढा की त्यापलीकडचा रस्ता मास्तरांस दिसत नसे. म्हणोन त्या फौजेचा कायदा ऐसा की सर्वांपुढे कॉर्नेटाने चालावे; कॉर्नेट वळेल तिकडे बँडाने वळावे, आणि कॉर्नेटाने अखेरची ललकारी दिल्यावरच थांबावे. तोवर तीच चाल फिरून फिरून वाजवावी, मग आभाळ कोसळो. आणि मोबाईल कूच होण्याआधी मास्तरांच्या पिशवीत जमा करावे. कारण एकदा शोकसभेत भर स्तब्धतेत कोणाचासा मोबाईल लावणी गाता झाला होता.

आता भयाचे मूळ सांगतो. राजांच्या पहिल्या वाढदिवशी अंगात ताप भरला आणि झटका आला. डोळे पांढरे, हातपाय ताठ, ओठ निळसर, आणि बाईसाहेबांस वाटले की राज्य बुडाले. झटका आपसूक सरला. दवाखान्यात डॉक्टरांनी धीर दिला की लहानपणी तापात काहींस ऐसे होते, बहुधा इजा होत नाही, परंतु पुन्हा आल्यास कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, आणि पाच मिनिटांत न थांबल्यास तातडीने घेऊन यावे. बाईसाहेबांनी धीर तेवढा तेथेच ठेविला आणि पाच मिनिटे घरी आणिली. त्या दिवसापासून राजे शिंकले तरी थर्मामीटर म्यानाबाहेर पडे, आणि कपाळास हात लावलावून कपाळ ऊन की हात गार हेच त्यांस कळेनासे जाहले.

ऐशात नगरच्या वाचनालयाचा वर्धापनदिन आला. ग्रंथांची पालखी निघावयाची, मागे सजविलेल्या जीपमधून प्रमुख पाहुणे, पुढे बँड. त्या सकाळी राजांचे नाक वाहत होते. ताप नव्हता, बाईसाहेबांनी पाहिले, पुन्हा पाहिले, आणि मग बूट घालून पुन्हा पाहिले. "मी नाही जात," म्हणाल्या. मातुश्री म्हणाल्या, "अगं, नुसता शेंबूड आलाय. मी चार पोरं वाढवलीत, त्यातलं एकही थर्मामीटरनं नाही वाढवलं. जा तू." मग सासूसुनांचे खलबत बैसले. मोबाईल पिशवीत, दोन्ही हात कर्ण्यास, तेव्हा खबर पोहोचावी कैसी? बाईसाहेबांनी तोड काढिली. मिरवणूक आपल्याच फाटकावरून जाणार; लेकरू बरे असल्यास दोरीवर काही लाल नसावे, आणि ताप चढल्यास लाल शाल लावावी, की तेच निशाण. "लाल म्हणजे ये. समजलं ना, आई?" मातुश्री म्हणाल्या, "समजलं गं बाई. गड लढवायचाय का काय?" आणि राजांनी निघत्या आईच्या पदराशी हात नेऊन आज्ञा केली, "नको." ती आज्ञा मोडून बाईसाहेब निघाल्या, आणि जिन्यावर पहिल्याच वळणावर थांबोन वरून खोकला येतो की काय हे कान देऊन ऐकिले.

मग बँड कूच करिता झाला. मास्तरांनी रचिलेली चाल उठली, रस्त्याने लोक थांबले, पोरे नाचली, आणि बाईसाहेब सर्वांपुढे कर्णा फुंकीत चालल्या. परंतु चित्त ओठांत नव्हते. ट्राँबोनवाले, म्हणजे सरकत्या नळीचा लांब कर्णा फुंकणारे, गिरमे मागून म्हणाले, "वहिनी, जरा हळू! लग्न लागायला उशीर झाल्यासारख्या पळताय." चौक गेला, पिठाची गिरणी गेली, आणि मग गुलमोहोराआडून आपली इमारत दिसो लागली. बाईसाहेबांनी वाजवीत वाजवीतच मान वर केली. तिसऱ्या मजल्यावर, दोरीवर, मधोमध, लाल शाल वाऱ्यावर हलत होती. श्वास कर्ण्यात होता तो तेथेच राहिला. ललकारी देणे सुचले नाही, मास्तरांस हाक मारणे सुचले नाही. कर्णा मुठीत आवळून बाईसाहेब फाटकातून आत धावल्या. आणि कायदा तो कायदा. कॉर्नेट वळले ऐसे पाहोन बँड वळला, बँड वळला म्हणोन पालखी वळली, पालखीमागे पाहुण्यांची जीप वळली, आणि सारा लवाजमा सोसायटीच्या आवारात शिरोन, पुढे वाट नाही ऐसे पाहोन, पाण्याच्या टाकीभोवती गोल फिरो लागला. वाजविणे मात्र कोणी सोडिले नाही, कारण अखेरची ललकारी जाहली नव्हती.

वर बाईसाहेबांनी दार लोटले तो मातुश्री शांतपणे गवार मोडीत बैसल्या होत्या. "अगं, तू कशी काय? आणि हा बँड आपल्याकडं का आलाय?" बाईसाहेबांनी दोरीकडे बोट केले. "शाल... लाल शाल..." मातुश्रींनी दोरीकडे पाहिले आणि हातातली शेंग खाली पडली. "अगंबाई! ओकला गं तो तिच्यावर, थोडंसंच. धुतली, आणि हात आपोआप दोरीकडं गेले. माझ्या ध्यानातच राहिलं नाही. तो बरा आहे, झोपलाय, गोधडी घातलीय." रडावे की ओरडावे हे न कळोन बाईसाहेब आतल्या खोलीत गेल्या, आणि सवयीने कपाळास हात लाविला. या खेपेस हात गार की कपाळ ऊन हा संशय उरला नाही. तवा होता तो. गोधडी फेकून दिली, आणि तोच राजांचे डोळे उघडले, परंतु ते कोणाकडेच पाहत नव्हते. मान मागे गेली, मुठी आवळल्या, आणि सर्वांग हिसके देऊ लागले.

तेव्हा काय काय जाहले ते लिहावयास हात धजत नाही. समोरच्या घरच्या दळवीकाकू बँड पाहावयास आल्या होत्या त्या दारात उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "दातखीळ बसेल गं! चमचा घाल, चमचा! नाहीतर चप्पल तरी हुंगव!" बाईसाहेबांनी लेकरास कुशीवर वळविले आणि ऐशा आवाजात बोलल्या जैसा त्या घरात कधी कोणी ऐकिला नव्हता, "तोंडात काही घालायचं नाही! कोणी हात लावू नका!" पाच मिनिटे. मोबाईल मास्तरांच्या पिशवीत, घड्याळ बाहेरच्या भिंतीवर, आणि लेकरावरची नजर काढावी हे या जन्मी होणे नव्हते. तोच खालून चाल पुन्हा पहिल्यापासून उठली. त्या चालीची एक फेरी दीड मिनिटाची, हे बाईसाहेबांस तालमीने पाठ. तीन फेऱ्या सरल्या की डॉक्टरांची हद्द आली. "आई," त्या म्हणाल्या, "ही फेरी पहिली. तिसरी संपली की मी ह्याला उचलून पळणार. खाली गाडी आहे, त्यांना सांगून ठेवा." मातुश्री पायांत चप्पल न घालता जिना उतरल्या. आणि मग त्या खोलीत बाईसाहेब, लेकरू आणि खालचा ढोल एवढेच उरले. ज्या चालीवर पोरे नाचली तीच चाल. तिचा एकेक सूर बाईसाहेब ओठांत मोजीत होत्या आणि मनी म्हणत होत्या की हळू वाजवा, अरे हळू वाजवा, संपवू नका. पहिली फेरी सरली. ओठ निळे. दुसरी लागली, दुसरीत ट्राँबोनाची ती लांब घसरण आली, ती येथवर कधी इतकी लांब वाटली नव्हती. दुसरी सरली. तिसरी लागली आणि बाईसाहेबांनी लेकराच्या पाठीखाली हात घातला. मग मूठ सैल पडली. मग पाय. मग एक मोठा श्वास, ओला, घरघरता, आणि ओठांवर हळूहळू रंग. बाईसाहेबांनी ओले फडके कपाळावर ठेविले. राजांनी डोळे किलकिले केले, फडके हाताने सारिले, आणि आज्ञा केली, "नको."

त्या एका शब्दावर बाईसाहेबांनी भिंतीस टेकून रडावयास आरंभ केला. परंतु खाली चौथी फेरी सुरू होती, आणि ती माणसे घामाने निथळत होती. मग राजांस कडेवर घेऊन, दुसऱ्या हाती कर्णा धरून, त्या गॅलरीत आल्या, त्या लाल शालीच्या कडेस उभ्या राहिल्या, आणि ललकारी दिली. ओठ कोरडे, पहिला सूर करडू ओरडल्यासारखा फाटला. दुसरा नीट निघाला. बँड तत्काळ थांबला. गिरमे मान वर करून म्हणाले, "वहिनी, पाहुणे मघाशी विचारत होते, वाचनालय तिसऱ्या मजल्यावर आहे का?" बाईसाहेब म्हणाल्या, "ओजसला झटका आला होता." मास्तरांनी ढोल अंगावरून उतरविला. पाहुणे मातुश्रींच्या सांगण्यावरून आधीच जीपमधून उतरोन, गळ्यातल्या हारासकट, टाकीपाशी उभे होते, आणि झेंडूच्या माळा बांधलेल्या त्या जीपमधून राजांची स्वारी दवाखान्यास गेली.

वाटेत राजे मांडीवर निजले होते आणि बाईसाहेब छाती पाहत होत्या. मातुश्री म्हणाल्या, "मी निशाण नव्हतं लावलं गं. मला कळलंच नव्हतं ताप आहे ते. वर गोधडी घातली मी." बाईसाहेबांनी राजांच्या छातीवर तळहात ठेविला. त्यांस तेव्हा एकच दिसत होते, की शाल जर मातुश्रींनी न्हाणीतल्या खुंटीस टांगिली असती, तर आपण त्या फाटकावरून सुरात वाजवीत पुढे गेलो असतो.

डॉक्टरांनी घसा पाहिला, औषध दिले, सांजवेळी घरी धाडिले. सारा बँड समाचारास आला, लाल शालीचा बेत सर्वांच्या कानी पडला, आणि मास्तर मातुश्रींस म्हणाले, "आजी, तुमची शाबास आहे. वेळेवर खूण केलीत." मातुश्रींनी मान खाली घातली. बाईसाहेबांनी चहाचे कप मांडीत मांडीत सर्वांदेखत म्हटले, "आईंचं लक्ष असतं म्हणून तर मी वाजवायला येऊ शकते." मातुश्रींनी सुनेकडे पाहिले, आणि आत जाऊन बराच वेळ साखर शोधीत राहिल्या.

सारांश, लेकरू वाचले, वाचनालयाचे ग्रंथ दिवेलागणीस मुक्कामी पावले, आणि निशाण मुळी कोणी लाविलेच नव्हते हे त्या दोघींवाचून कोणास ठाऊक नाही. बाईसाहेब रविवारी अजूनही बँडापुढे चालतात. मातुश्री आता दोरीवर काही लाल टाकण्याआधी गॅलरीतून हाक देतात, "लाल आहे गं, पण नुसतं वाळत घालत्येय!" आणि घरात कोठेही असोत, हातात लाटणे असो की कर्णा, बाईसाहेबांचा श्वास पहिल्या दोन शब्दांपाशी थांबतो, आणि पुढले ऐकू येईतो थांबलेलाच राहतो. इति.