इस्माईल मामूंचं खाकरणं

आमच्या दुबईच्या बिऱ्हाडात आम्ही अकरा पुरुष राहत होतो आणि बाईमाणूस औषधालाही नव्हतं. तरीही इस्माईल मामू स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येताना दाराशी थांबून मोठ्यांदा खाकरत. आमच्या कोकणात पुरुषमाणूस अंगणात शिरण्याआधी असा खाकरतो, म्हणजे आतल्या बायका पदर सावरून घेतात. इथे सावरायला होत्या फक्त आमच्या लुंग्या. कुणी छेडलं की मामू म्हणत, "सवय आहे रे. तुमच्यासाठी थोडाच खाकरतो?"

ही साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा दुबईत पिण्याचं पाणी गाढवाच्या पाठीवरून दारात यायचं आणि खाडी ओलांडायला लाकडी होडगं, म्हणजे अब्रा, हाच काय तो रस्ता. मामू आमच्याच रत्नागिरीकडचे. बिऱ्हाडाचा स्वयंपाक त्यांच्याकडे असला तरी जीव सगळा गाण्यात. आणि गाणी तरी कसली, तर हळदीची. आमच्या मुसलमान वाड्यांत लग्नात बायका गातात ती. चाल जुनी, शब्द मात्र मामूंचे स्वतःचे.

नवा माणूस बोटीतून उतरून बिऱ्हाडात आला, की पेटी खाली ठेवायच्या आत त्याला प्रश्न यायचा, "गाव कंचा?" मग मामूंनी पातेल्याच्या झाकणावर डावाने ठेका धरायचा आणि चहा उकळेपर्यंत त्या गावाचं कडवं तयार. त्यात गावची खाडी हवी, मशीद हवी आणि त्या माणसाची एखादी खोडही हवी. माझ्या कडव्यात आमची खाडी गाळाने भरली होती आणि मी झोपेने. गाणं लांबलं की कालवण करपायचं, ते आम्ही निमूट गिळायचो.

"मामू, बायकांची गाणी गाता?" असं कुणीतरी एकदा विचारलंच.

"मग इथं कुणी गायची? उंटांनी?"

आमच्यातल्या एकाचा निकाह तिकडे गावी वकिलामार्फत लागला, नवरदेव इकडे दुबईत. मामूंनी त्याला तांदळाच्या डब्यावर बसवलं, मसाल्याची हळद पाण्यात कालवून फासली आणि चार बायकांची गाणी एकट्याने म्हटली. तो नवरदेव पुढे आठवडाभर ऑफिसात पिवळा दिसत होता.

एकदा बंदराच्या कामावरचा एक स्कॉटलंडचा साहेब आमच्या कालवणाच्या वासाने आत आला. पोटभर जेवला आणि डोळे मिटून स्वतःच्या मुलखाचं गाणं गायला. मामूंनी ते पुरं होऊ दिलं आणि मला म्हणाले, "विचार त्याला, गाव कंचा?" साहेबाच्या गावात खाडी सापडली, मशीद सापडेना, मामूंनी तिच्या जागी मेंढ्या घातल्या. ऐकताना साहेब डोळे पुसायला लागला. मी म्हटलं, "कालवण तिखट झालं वाटतं." मामू म्हणाले, "गप. त्याला गाव आठवला."

मग मामूंच्या लेकीचं, हलीमाचं, लग्न ठरलं. ती चार वर्षांची असताना मामू दुबईला आले होते आणि त्यानंतर सुट्टीला दोनदाच गेले होते. साऱ्या जगाच्या लग्नात गाणारा हा माणूस आता आपल्या लेकीच्या हळदीत गाणार होता. कितीतरी महिने मामू ते गाणं घोळवत होते. आणि बोटीचा दिवस तोंडावर आला असताना अब्र्यातून उतरताना त्यांचा पाय घसरला आणि मोडला.

मुंबईची बोट तेव्हा बाहेर समुद्रात उभी राहायची. लाँचमधून दोराच्या शिडीने वर चढावं लागे. मामू डॉक्टरला म्हणाले, "मला गोणीसारखं बांधून वर ओढा." डॉक्टर म्हणाला, "खलास, जाणं बंद." त्या रात्री झाकण वाजलं नाही. मला फार वाईट वाटलं.

त्याच बोटीने मी सुट्टीवर निघालो होतो. सकाळी मामूंनी मला बोलावलं.

"गाणं तू न्यायचंस."

"मामू, माझा आवाज..."

"तो ऐकलाय मी. दुसरं कुणी जात असतं तर तुला विचारलं असतं काय?"

शिकवणी सुरू झाली. शेवटच्या ओळी अशा होत्या:

हळद लाव गो लेकीला, लाव कोपरापर्यंत,
बाप उभा दर्यापार, हाक येते दारापर्यंत.

'दर्यापार'शी मामूंचा गळा दाटायचा आणि ते खाकरायचे. मी पोपटासारखा शिकत होतो, त्यामुळे मीही तिथे खाकरायचो. मामू चिडायचे. "ते खाकरणं माझं आहे, गाण्याचं नाही. ते इथंच ठेवून जा." मी कबूल केलं.

हळदीच्या संध्याकाळी मी मामूंच्या अंगणात उभा राहिलो. बायका आत, पडद्याआड. मी सूर लावला आणि आत हसण्याचा फुगा फुटला. "ह्याच्या पोटात दुखतंय काय गो?" एक म्हातारी म्हणाली. मी घाम पुसत 'दर्यापार'पर्यंत आलो आणि उरलेली अर्धी ओळ साफ विसरलो. काही केल्या आठवेना. नकळत मी मामूंसारखा मोठ्यांदा खाकरलो.

आतलं हसू थांबलं. बांगड्या वाजल्या, पडदा सरकला आणि कोपरापर्यंत पिवळी झालेली हलीमा धावत उंबऱ्यावर आली.

"अब्बा?"

समोर मी. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिने माझ्याकडे पाहिलं, अंगणाच्या बेड्याकडे, म्हणजे फाटकाकडे पाहिलं. मग सगळं उमगून थोडंसं हसली.

"भाई, गाणं राहू द्या," ती म्हणाली. "परत एकदा तसंच खाकरा."

मी खाकरलो. त्याबरोबर विसरलेली ओळही आली. ती उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होती. हात हळदीने भरलेले, त्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते.

सुट्टी संपवून परत आलो तेव्हा मामू लंगडत का होईना, चुलीपाशी उभे होते.

"गायलास?"

"गायलो."

"खाकरणं इथंच ठेवून गेला होतास ना?"

मी सगळं सांगितलं. मामू पाठमोरे राहून कालवण ढवळत होते.

"परत खाकरा म्हणाली?"

"हो."

"हां," मामू म्हणाले आणि ढवळत राहिले.

त्या दिवशी कालवण करपलं. पातेलं घेऊन मामू दाराशी आले, थांबले आणि खाकरले. कुणी हसलं नाही. आम्ही सगळ्यांनी लुंग्या सावरून घेतल्या.