चिन्नोरच्या पोत्यातला चिवडा

जहाजावर घरचं खायचं न्यायला बंदी आहे, हे भूपेंद्रनं पुण्याहून फोनवर सांगितलं तेव्हा पंचफुलाबाईंच्या कढईत सातपैकी चार किलो पोहे भाजून झाले होते.

भूपेंद्र हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्यानं आईबापाला मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या मोठ्या जहाजाची तीन रात्रींची सहल भेट दिली होती. नियम त्यानं दोनदा वाचून दाखवला. घरी केलेला एकही पदार्थ चालणार नाही, सापडला तर प्रवाशाला पुढच्या बंदरात उतरवू शकतात. कारखान्यातून बंद होऊन आलेलं पाकीट मात्र चालेल.

पंचफुलाबाईंनी गॅस बारीक केला, बंद नाही केला. चाळीस वर्षांत त्या शिदोरीशिवाय भंडाऱ्यापर्यंतही गेल्या नव्हत्या. आता भर समुद्रात लोकांच्या भरवशावर कोण जाणार? त्यात जागेश्वररावांना चार वाजताच्या चहासोबत मूठभर चिवडा लागतो म्हणजे लागतोच. नाही मिळाला तर ते भांडत नाहीत, नुसत्या येरझाऱ्या घालतात, आणि भांडणारा नवरा परवडला अशी पाळी येते.

पण जागेश्वररावांच्या कानात नियमातला एकच शब्द शिरला होता.

"कारखान्यातून बंद होऊन आलेलं चालते ना?" ते म्हणाले. "मंग आपला काय गोठा हाय?"

तुमसरात त्यांची झिंगरूजी राईस मिल आहे. झिंगरूजी म्हणजे त्यांचे वडील. मिलच्या प्रत्येक पोत्यावर फेटा बांधलेल्या झिंगरूजींचा फोटो, खाली 'अस्सल चिन्नोर तांदूळ, २५ किलो' आणि त्याखाली जागेश्वररावांचा मोबाइल नंबर छापलेला असतो. संध्याकाळी त्यांनी असंच एक कोरं पोतं घेतलं, आतून प्लास्टिक लावलं, पंचफुलाबाईंचा सगळा चिवडा त्यात ओतला आणि मिलच्या शिलाई मशीनखाली तोंड धरून टर्रकन शिवून टाकलं. झाला कारखान्यातला माल. हमालांनीही हातातली कामं सोडून हा प्रकार पाहिला, पण मालकाला कोण विचारणार.

मुंबईच्या बंदरात पोतं तपासणीतून सुखरूप निघालं. शिलाई बघून माणसानं मान हलवली आणि सुटकेसला बांधली तशीच खोलीच्या नंबरची चिठ्ठी पोत्यालाही बांधली. घोळ तिथं झाला. चिठ्ठी त्यानं शिलाईच्या सुट्या टोकाला बांधली होती, आणि ते टोक ओढलं की अख्खं पोतं एका दमात उघडतं, हे धान्याच्या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक असतं. कोणी ओढलं तर? जागेश्वररावांनी हळूच चिठ्ठी सोडली आणि खिशात घातली. आपण केवढी हुशारी केली, हे त्यांनी बायकोला जिना चढेपर्यंत तीनदा सांगितलं.

खोलीत सुटकेस आली, पोतं नाही आलं. येणार कसं? हमालाला बिनचिठ्ठीचं तांदळाचं पोतं दिसलं, त्यानं ते जिथं तांदूळ जातो तिथं पाठवलं. त्यातून जहाजाच्या स्वयंपाकघराला तांदूळ पुरवायचं काम तुमसरच्याच देवाजी दलालाकडे होतं. तिथं तुमसरच्या पन्नास पोत्यांत हे एक्कावन्नावं कोणाच्या डोळ्यात खुपणार.

पंचफुलाबाईंनी अकरा मजले पालथे घातले. पोहण्याच्या तलावामागे पाहिलं, नाचाच्या हॉलमध्ये पाहिलं, एका खुर्चीखाली वाकल्या तर तिथं कोणीतरी योगासन करत होतं. शेवटी चौकशीच्या टेबलावर त्यांनी आपलं तांदळाचं पोतं हरवल्याचं सांगितलं. तिथल्या मुलीनं फार गोड हसून, भात रात्री साडेसातला सातव्या मजल्यावर मिळेल, असं सांगितलं. इकडे जागेश्वररावांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या होत्या. खोली एवढीशी, त्यामुळे दर चार पावलांना ते पलंगावर आपटत होते.

जहाज सुटलं. किनारा अजून दिसत होता, म्हणून मोबाइलला रेंज होती, आणि सहा वाजता तो वाजला. झिंगरूजी राईस मिलचे मालक का, असं कोणीतरी विचारलं. पस्तीस वर्षांच्या सवयीनं ते हो म्हणून बसले.

समोरचा माणूस एका जहाजाच्या धान्याच्या कोठीचा साहेब होता. तुमच्या पोत्यावर पंचवीस किलो छापलंय आणि भरलं साडेसात, असं तो म्हणाला. जागेश्वररावांच्या येरझाऱ्या जागच्या जागी थांबल्या. झिंगरूजींच्या नावाच्या पोत्यात कधी मूठभर तांदूळ कमी भरला नव्हता.

"तुम्ही आत्ता मिलमध्येच आहात ना?" साहेबानं विचारलं.

"हो तं. मिलमधूनच बोलून राहिलो."

तेवढ्यात छतातल्या भोंग्यातून एका बाईचा आवाज आला, की आठव्या मजल्यावर झुंबा नृत्य सुरू होत आहे. तोच आवाज फोनमधूनही आला.

साहेबानं विचारलं, "तुमच्या मिलमध्येही झुंबा आहे?"

"हमालायसाठी ठेवला आहे," जागेश्वरराव म्हणाले. "कंबर मोकळी होते."

साहेबाला ते पटलं की नाही कोण जाणे, त्यानं पुढची तक्रार काढली. तांदूळ पिवळा आहे. त्यात शेंगदाणे आहेत, खोबऱ्याचे काप आहेत, कढीपत्ता आहे. त्यानं वहीत 'खराब' असं शाईनं लिहिलं आहे, आणि उद्या सकाळी तो अहवाल कंपनीच्या सगळ्या जहाजांना आणि देवाजी दलालाला जाणार.

देवाजीचं नाव निघालं आणि जागेश्वरराव पलंगावर बसले. देवाजीला कळलं म्हणजे तुमसरच्या बाजारात चहाच्या टपऱ्यांसकट सगळ्यांना कळलं. झिंगरूजींच्या चिन्नोरमध्ये शेंगदाणे निघाले! बापानं हातानं धान कांडून उभं केलेलं नाव एका संध्याकाळी पाण्यात जाणार, आणि तेही खाऱ्या.

"साहेब, काही लिवू नका," ते म्हणाले. "मी सोता येऊन पायतो."

"कधी येता?"

"हे काय, दहा मिनिटांत."

सातव्या मिनिटाला नवराबायको जहाजाच्या तळमजल्यावर कोठीच्या दारात उभे होते. तुमसरहून भर समुद्रात इतक्या लवकर कसे आलात, असं साहेबानं विचारलंच नाही. त्यानं घड्याळ पाहिलं आणि वहीत 'पुरवठादार तत्पर' असं लिहिलं. साहेब वाळलेल्या शेंगेसारखा होता, आणि ज्या गोष्टीला वहीत रकाना नाही ती घडलेलीच नसते, असा त्याचा स्वभाव होता.

पोतं मधोमध उघडं पडलं होतं. वासानं कोठी भरून गेली होती. तीन आचारी काही काम नसताना भिंतीला टेकून उभे होते.

"वासावरून चिवडा वाटते," जागेश्वरराव म्हणाले, जसं काही आत्ताच सुचलं.

"मलाही वाटतो," साहेब म्हणाला. "पण पोत्यावर तांदूळ छापलंय आणि माझ्या वहीत तांदूळ चढलाय. तांदूळ म्हणून हा नापास आहे."

मग त्यानं शांतपणे पुढचा नियम सांगितला. नापास माल पुरवठादाराला तिथल्या तिथं परत करायचा असतो. 'आमचा तांदूळ खराब निघाला' यावर सही करा, आणि पोतं उचला. इतकं सोपं. चिवडा हातात येत होता, फक्त बापाचं नाव सोडायचं होतं.

जागेश्वररावांनी पेन हातात घेतला. एकीकडे पोत्यावरचे झिंगरूजी फेट्याखालून बघत होते. दुसरीकडे पंचफुलाबाई, ज्यांनी दिवसभर गॅससमोर घाम गाळला होता. सही नाही केली तर त्या मेहनतीवर पाणी पडणार होतं. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि डोळे मिटून पेन कागदावर टेकवला.

"तुह्या मेहनतीचं आहे व," ते पुटपुटले. "बाबा माफ करन मले."

पंचफुलाबाईंनी पेन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"साहेब, तांदूळ नाही जी तो," त्या म्हणाल्या. "चिवडा आहे. घरचा आहे, मीनं केला, या जहाजाच्या सहलीत आमाले खायले. आमच्या तांदळाले काही झालं नाही."

जागेश्वररावांनी कपाळाला हात लावला. आता गोव्याला सामानासकट उतरवणार, मग तिथून तुमसर गाठायचं, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. साहेबानं मात्र नियमाचं पुस्तक उघडलं आणि बराच वेळ वाचलं. घरचं खाणं प्रवाशाच्या खोलीत सापडलं तर प्रवाशाला उतरवायचं होतं. हे तर खोलीत गेलंच नव्हतं. तेव्हा उतरवता येत नाही, असं त्यानं जरा नाराजीनंच सांगितलं.

"पण 'खराब' हा शब्द शाईनं लिहून झालाय," तो म्हणाला. "तो मला खोडता येत नाही. कशापुढे लिहायचा तेवढं सांगा. तांदूळ खराब, की चिवडा खराब?"

सख्ख्या बहिणीनं एकदा मीठ कमी आहे म्हटलं, तर पंचफुलाबाई तिच्याशी दोन वर्षं बोलल्या नव्हत्या. जागेश्वररावांना हे माहीत होतं, म्हणून ते घाईघाईनं तांदूळ म्हणायला निघाले. त्याआधीच त्या बोलल्या.

"चिवडा खराब," त्या म्हणाल्या. "लिवा तसं. मी सही करतो."

त्यांनी सही केली. अक्षर स्वच्छ आलं. जागेश्वररावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कांद्याच्या पोत्याकडे पाहत उभे राहिले, म्हणजे कोणी विचारलं तर सांगता यावं.

आता खराब आणि वर घरचा, असा माल जहाजावरच नष्ट करावा लागतो, हा शेवटचा नियम. समुद्रात टाकायला कायद्यानं मनाई. कचरा जाळायची भट्टी गोव्यापर्यंत बंद. साहेबानं चष्मा पुसला, तिन्ही आचाऱ्यांकडे पाहिलं, इंजिनातले दोघं आणि कपडे धुणारा टकला माणूस अशा आणखी तिघांना बोलावून घेतलं आणि सहा जणांची नाश समिती नेमली. मालाच्या मालकाला समितीत बसता येत नाही, म्हणून नवराबायकोला बाहेर जायला सांगण्यात आलं.

दार लागलं. दाराला एक गोल काच होती. आत एका आचाऱ्यानं, नष्ट करायला कांदा बारीक चिरू की जाड, असं साहेबाला विचारलेलं बाहेरपर्यंत ऐकू आलं. मग लिंबं आली, कोथिंबीर आली, सहा ताटल्या आल्या, आणि थोड्या वेळानं निरीक्षणासाठी म्हणून सातवी आली.

जागेश्वररावांना ते बघवेना. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या तीन दिवसांच्या चहाचा आधार कुरकुर वाजत नाहीसा होत होता, आणि त्यांच्या हाताला एक शेंगदाणासुद्धा लागणार नव्हता. तरी त्यांना जास्त काळजी बायकोची होती. ती मघापासून काचेला नाक लावून उभी होती.

"चाल व," ते हळूच म्हणाले. "काहून जिवाले लावून घेतं. आपल्याले माहीत आहे ना कसा होता तो."

पंचफुलाबाईंनी वळून पाहिलंच नाही. त्यांचा चेहरा पोराच्या लग्नात पंगतीतून फिरताना होता तसा फुलला होता.

"साहेबानं तिसऱ्यांदा घेतला," त्या म्हणाल्या. "पण तो टकला लाजून राहिला जी. ताटली रिकामी घेऊन बसला आहे कवाचा. दार वाजवा ना तुमी, त्याले वाढा म्हना कोनी."

आणि झिंगरूजी राईस मिलच्या मालकांनी दार वाजवलं.